आडात पाणी येते कोठून?
(राणीसावरगावच्या शिवाराच्या निमित्ताने भूजलाचा विचार)

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु आडात तरी ते येते कोठून, हा पुढचा प्रश्न विचारणारा शेतकरी विरळा. विहिरीस पाणी लागले तर ते दैवाने लागले आणि विहीर आटली तर तीही दैवानेच आटली, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. जुनी विहीर आटली म्हणजे ती आणखी खोल करावी, तेवढ्याने भागले नाही तर विंधन विहीर घ्यावी, एक कोरडी गेली तर दुसरी घ्यावी, आणि या पायी डोक्यावर कर्ज करून घ्यावे, हा क्रम मराठवाड्यातील गावोगावी दृष्टीस पडतो. वस्तुतः ज्या पाण्याचा शोध आपण चैत्र-वैशाखात शेकडो फुटांखाली करीत असतो, तेच पाणी मागल्या आषाढ-श्रावणात आपल्याच धुऱ्यावरून, आपल्याच शेतातील माती घेऊन वाहून गेलेले असते. त्या वेळी त्यास कोणी थांबविलेले नसते.

राणीसावरगाव हे गंगाखेड तालुक्यातील, बालाघाटाच्या चढउताराच्या पट्ट्यातील गाव. रेणुकादेवीच्या स्थानामुळे त्याचे नाव दूरवर ठाऊक आहे. या पट्ट्यातील जमिनीची मांडणी बहुतेकांच्या परिचयाची आहे. माथ्यावर हलकी, मुरमाड, बरड जमीन. मध्यावर मध्यम प्रतीची. आणि लवणात व ओढ्याकाठी काळी भारी जमीन. माथ्यावर पडलेले पाणी उतार धरून ओहोळास, ओहोळाचे ओढ्यास आणि ओढ्याचे अखेर गोदावरीच्या खोऱ्यात जाते. या प्रवासास पूर्वी जितका वेळ लागत असे, तितका हल्ली लागत नाही. बांध मोडले, माळ उघडे पडले, उतारास आडवी होणारी नांगरट ट्रॅक्टरच्या सोयीसाठी उतारास उभी होऊ लागली, आणि पाण्याचे पाय मोकळे झाले.

याचे दोन परिणाम एकाच भूमीने अल्प काळात पाहिले आहेत. २०१६ च्या एप्रिलात आपल्या शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील जिल्ह्याजिल्ह्यांत अतिवृष्टीने उभी पिके व त्यांखालील माती वाहून गेली. टंचाई आणि पूर ही दोन संकटे परस्परविरोधी दिसतात खरी. परंतु पाणी पडते त्या ठिकाणी ते थांबत नाही, हे दोहोंचे एक सामाईक कारण आहे.

खडकाचे पात्र केवढे?

आपल्या पायांखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. ज्वालामुखीच्या रसाचे थरावर थर बसून तो झालेला आहे. वरच्या अंगास मातीखाली मुरूम असतो. त्याखाली झिजलेला, भेगाळलेला किंवा सच्छिद्र मांजऱ्या खडक. आणि त्याखाली अखंड काळा पाषाण. पाणी राहते ते मुख्यत्वेकरून मुरुमात, मांजऱ्या खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत. अखंड पाषाणात ते जवळजवळ राहतच नाही. गंगा-यमुनेच्या काठच्या वाळूमातीत पाण्याचे मोठे कोठार असते; आपल्याकडे त्या मानाने लहानसा रांजण आहे.

हा रांजण केवढा, याचाही हिशेब करता येतो. केंद्र सरकारच्या भूजल अंदाज समितीने १९९७ साली जे प्रमाण घालून दिले, त्यानुसार झिजलेल्या व भेगाळलेल्या काळ्या खडकातून उपसता येण्याजोगे पाणी त्याच्या आकारमानाच्या शेकडा १ ते ३, म्हणजे सरासरी २ इतकेच धरतात. अर्थात खडकाच्या १०० घनफुटांत आपल्या हाती येणारे पाणी फक्त २ घनफूट. हे ऐकून निराश होण्याचे कारण नाही, कारण याच आकड्याचा दुसरा अर्थ आशादायक आहे. पात्र लहान असल्यामुळे ते भरतेही लवकर. शिवारात २० मि.मी. पाऊस अधिक मुरविता आला, तर भूजलाची पातळी सुमारे १ मीटरने वर येते. मात्र जे लवकर भरते ते लवकर रितेही होते. या एका वाक्यात आपल्या भागातील भूजलाचे सारे शास्त्र आले.

खोल विंधन विहिरींविषयी येथेच सांगणे योग्य होईल. खोलवर जे पाणी लागते ते बहुधा दोन थरांच्या सांध्यांत दीर्घकाळ साठलेले असते; त्याची भरपाई फार सावकाश होते. शिवाय अशा विहिरीने वरच्या थरातील पाणी खाली ओढले गेल्यामुळे आसपासच्या उथळ विहिरी पुष्कळदा कोरड्या पडतात. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरांपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे, त्यामागील कारण हेच होय.

पावसाचा हिशेब

एक एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी पडले. वर्षाचा पाऊस सोयीसाठी ८०० मि.मी. धरला, तर एका एकरावर सुमारे ३२ लाख लिटर पाणी पडते. यापैकी खडकात किती उतरते? वर सांगितलेल्या समितीच्या प्रमाणानुसार झिजलेल्या काळ्या खडकात शेकडा ७, आणि सच्छिद्र, सांधे असलेल्या खडकात शेकडा १३ च्या आसपास. शेकडा ७ धरले, तर ५६ मि.मी., म्हणजे एकरी सव्वादोन लाख लिटरांहून थोडे अधिक. बाकीचे काही पिके व जमिनीचा ओलावा घेतो, काही वाफ होऊन जाते, आणि काही ओढ्यावाटे निघून जाते. पिकाने घेतलेले पाणी वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. ओढ्यावाटे धावत निघून गेलेल्या भागावर मात्र आपला हक्क सांगता येतो.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, सरकारने फौजेतील व पोलिसातील मोकळ्या मनुष्यबळाकडून डोंगरउतारांवर ताली-बंधारे घालवून पाणी जमिनीत जिरवावे, अशी सूचना केली होती. सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र निघाले. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून गावोगावी पाझर तलाव व नालाबांध झाले. तेव्हा उपाय ठाऊक नव्हता असे नाही; त्याची निगा व त्याचा क्रम यांकडे आपले दुर्लक्ष झाले.

माथ्यापासून पायथ्यापर्यंत

क्रम म्हणजे काम माथ्यापासून आरंभून पायथ्याशी संपविणे. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट घडले. यंत्र आणून ओढा रुंद व खोल करणे हे काम डोळ्यांत भरणारे असते. माळावर चर खणणे तसे नसते. परंतु माथा उघडा ठेवून पायथ्याशी बंधारा घातला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, आणि मग पाण्याऐवजी माती अडविण्याचे श्रेय तेवढे पदरी पडते. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात राज्यभर मोठी कामे झाली. तथापि महालेखापरीक्षकांच्या २०२० सालच्या अहवालाने, अपेक्षेप्रमाणे भूजल न वाढल्याचा व कामांची निगा न राहिल्याचा दोष दाखविला. त्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

माथ्याच्या पडीक माळावर समपातळीत सलग चर घ्यावेत. साधारणपणे ६० सें.मी. रुंद व ३० सें.मी. खोल असा चर १०० मीटर लांब काढला, तर एका भरण्यात त्यात १८,००० लिटर पाणी राहते, आणि पावसाळ्यात तो अनेक वेळा भरून मुरतो. चराची माती खालच्या अंगास टाकून त्यावर गवत व झाडे लावावीत. ओहोळांच्या तोंडाशी अनघड दगडांचे लहान बांध घालावेत. त्यांनी पाणी फार साठत नाही, पण त्याची धाव मोडते व माती मागे राहते.

मध्यम उतारावरील शेतांत पेरणी व मशागत उतारास आडवी करणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. बांधांविषयी मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. हलक्या जमिनीत समपातळीचे बांध चालतात. भारी काळ्या जमिनीत तसे चालत नाहीत. कारण भिजून फुगलेल्या काळ्या मातीत पाणी फार हळू मुरते, बांधाजवळ ते तुंबून जमीन चिबड होते, आणि जोराचा पाऊस आला म्हणजे बांध फुटतो. अशा ठिकाणी १०० मीटरला २० ते ३० सें.मी. इतका मंद ढाळ देऊन बांध घालावेत आणि जादा पाणी सांडीवरून, गवताळ वाटेने ओढ्याकडे न्यावे. सोयाबीन, हरभरा यांसाठी रुंद वरंबा व सरी ही पद्धत या जमिनीस मानवते. पाऊस उघडला तर सरीतील ओल उपयोगी पडते आणि पाऊस जास्त झाला तर सरीवाटे निचरा होतो.

पायथ्याशी, म्हणजे ओढ्यावर, जुने पाझर तलाव व नालाबांध असतील तर नवे बांधण्यापूर्वी त्यांतील गाळ काढावा. हा गाळ माथ्याच्या हलक्या जमिनीत नेऊन टाकल्यास गेलेली माती घरी परत येते. पावसाळा सरता सरता ओढ्याचा प्रवाह बारीक होतो. त्या वेळी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारे घालावेत. गावकऱ्यांच्या एका दिवसाच्या श्रमाने होणारे हे काम रब्बीच्या एखाद्या पाण्याची सोय करून जाते.

विहिरीचे पुनर्भरण

वाहते पाणी गाळून विहिरीत सोडणे, यास विहिरीचे पुनर्भरण म्हणतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाने या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केलेला आहे. तिचे मर्म गाळण्यात आहे. शेतातील किंवा ओढ्यातील पाणी प्रथम एका खड्ड्यात घ्यावे. त्यात मोठे दगडगोटे असावेत, म्हणजे काडीकचरा व जड गाळ तेथेच अडतो. तेथून नळाने ते विहिरीपासून दोन-तीन मीटरांवरील दुसऱ्या खड्ड्यात न्यावे. यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी व सर्वांत वर वाळू असे थर द्यावेत. तळाकडून काढलेला नळ विहिरीत फूटभर पुढे आलेला असावा, म्हणजे पडणारे पाणी विहिरीच्या कडेस लागून ती ढासळत नाही.

यात तीन पथ्ये पाळावीत. मृगाच्या पहिल्या पावसाचे पाणी विहिरीत घेऊ नये, कारण त्यात धूळ, शेण व घाण फार असते. ज्या शेतात नुकतीच कीटकनाशके किंवा तणनाशके फवारली आहेत तेथील पाणी घेऊ नये. विहिरीत गेलेले विष आपल्या एकट्याच्या विहिरीत राहत नाही. आणि दर उन्हाळ्यात वरची वाळू काढून धुवावी किंवा बदलावी, नाहीतर तिसऱ्या वर्षी गाळणी कोंडते आणि पद्धत वाईट, असा बोभाटा होतो. गढूळ पाणी थेट विंधन विहिरीत सोडणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. त्याने बुजलेल्या भेगा पुन्हा उघडत नाहीत.

ज्या गावी जुनी बारव असेल, तेथे तिचा गाळ काढणे हेही याच कामात मोडते. आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार पायऱ्यांची बारव गाळाने व कचऱ्याने भरून गेली होती; ती गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली आणि तिचे पाणी पुन्हा दिसू लागले.

शेततळे म्हणजे पुनर्भरण नव्हे

शेततळ्याविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तळाशी अस्तर न घातलेले, वाहते पाणी घेणारे शेततळे पाणी मुरविते. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले तळे थेंबही मुरवीत नाही. आणि ते जर विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी उपसून भरले, तर जमिनीखाली उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी आपण आपल्या खर्चाने उन्हात आणून ठेवतो. फळबाग वाचविण्यास त्याचा उपयोग होतो हे खरे. पण ती शेजाऱ्याच्या विहिरीतील शिल्लक आपल्या तळ्यात आणून ठेवणे होय. जमाखर्च लिहिताना ते खर्चाच्या बाजूसच पडले पाहिजे.

अडविणारा एक, उपसणारा दुसरा

आता मुख्य अडचणीकडे वळू. माथ्यावर हलकी जमीन असलेला शेतकरी बहुधा लहान खातेदार असतो. चर खणण्यात, बांध घालण्यात त्याची जागा जाते व श्रमही जातात. मुरलेले पाणी मात्र खडकाच्या उताराने खाली जाऊन लवणातल्या बागायतदाराच्या विहिरीत निघते. अडविणारा एक आणि उपसणारा दुसरा, असा हा व्यवहार आहे. वरच्याने फुकट का राबावे, आणि खालच्याने विनासायास का उपसावे, या प्रश्नाचे उत्तर न दिल्यामुळे कितीतरी गावांतील बांध एकदा झाले ते पुन्हा कोणी दुरुस्त केले नाहीत.

खालच्याच्या उपशाचाही हिशेब पाहावा. उसास पावसाशिवाय विहिरीचे १,४०० मि.मी. पाणी द्यावे लागले असे धरू. एकरी नैसर्गिक भरणा वर ५६ मि.मी. निघाला आहे. तेव्हा १ एकर ऊस २५ एकरांचा भरणा पितो. पाटाने दिलेल्या पाण्यापैकी काही पुन्हा मुरते आणि ठिबकाने पुष्कळ बचतही होते. तथापि प्रमाण डोळ्यांआड करण्याजोगे नाही. चर-बांधांनी शिवारात २० मि.मी. जादा मुरविले आणि त्या भरवशावर उसाचे क्षेत्र वाढविले, तर मिळविलेले पाणी एकाच हंगामात गेले असे समजावे. ज्या वर्षी पाणी वाढते, त्याच वर्षी त्याचा उधळेपणाही वाढतो, हा अनुभव अनेक गावांनी घेतला आहे.

यातून मार्ग काढणारी गावे महाराष्ट्रात झालेली आहेत. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मालकीवर न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने द्यावे, भूमिहीनांसही त्यात वाटा असावा, आणि उसासारखे पीक त्या पाण्यावर घेऊ नये, असे तिचे नियम होते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे, पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने, १९९० नंतर माथ्यापासून पाणलोटाची कामे झाली; परंतु त्या गावाचे खरे वैशिष्ट्य चरांत नसून नियमांत आहे. शेतीसाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही, ऊस-केळी लावावयाची नाही, आणि पावसाळ्याच्या अखेरीस किती पाणी मुरले याचा ताळेबंद गावापुढे मांडून मग रब्बीची पिके ठरवावयाची, ही तेथील रीत आहे. आपल्या निम्म्याच्या आसपास पाऊस असलेल्या त्या गावाने हे साधले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या शिवारात काय करता येईल?

राणीसावरगाव व भोवतालच्या गावांतील शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी सूचना आहे.

पहिली गोष्ट मोजमापाची. एक साधे पर्जन्यमापक गावात असावे व त्याची रोजची नोंद फळ्यावर लिहावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. त्याच महिन्यांत माथ्याच्या, मध्याच्या व पायथ्याच्या निवडक विहिरींची पातळी दोरी व वजन घेऊन आपणही मोजावी. यास विद्वत्ता लागत नाही. शाळेतील मुलेही हे करू शकतात. मोजल्याशिवाय झालेली चर्चा भांडणात संपते.

दुसरी गोष्ट खर्चाच्या वाटणीची. पायथ्याच्या ज्या विहिरींवर बागायत होते, त्यांच्या मालकांनी भिजणाऱ्या क्षेत्राच्या मानाने वार्षिक वर्गणी द्यावी आणि ती माथ्यावरील चर-बांधांच्या निगेसाठी, ज्याचे शेत त्यालाच प्रथम मजुरी देऊन, खर्च करावी. वरच्यास आपल्या बांधाचे मोल मिळाले म्हणजे तो बांध मोडणार नाही. खालच्याने ती रक्कम आपल्याच विहिरीच्या देखभालीचा खर्च समजावी. विंधन विहिरीच्या एका फसलेल्या प्रयत्नास जे पैसे मातीत जातात, तेवढ्यात कितीतरी मीटर चर निघतात.

तिसरी गोष्ट पिकांच्या ठरावाची. ऑक्टोबरातील पातळी पाहून, त्या वर्षी शिवारास किती बागायत झेपेल हे ग्रामसभेत ठरवावे. पाणी कमी असेल तर ज्वारी, हरभरा, करडई. बरे असेल तर गहू व भाजीपाला. आणि ऊस असेल तर ठिबकावर व ठरलेल्या क्षेत्रापुरताच. पिण्याच्या पाण्याची विहीर या सर्वांच्या आधी धरावी. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यावर १९९३ सालच्या कायद्यापासूनच निर्बंध आहे. तो कागदावर ठेवू नये.

हे सर्व नियम कोणी वरून लादले तर टिकणार नाहीत, आणि कोणी एकट्याने पाळले तर त्याचेच नुकसान होईल. म्हणून येथे संघाची आवश्यकता आहे. शेताचा सातबारा ज्याचा त्याच्या नावाचा असतो. शेताखालच्या पाण्याचा सातबारा मात्र कोणा एकाच्या नावाने निघत नाही. बांधावरून शेजाऱ्याशी तंटा करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये की, त्या बांधाखालून दोघांचेही पाणी एकत्रच वाहत असते.

येत्या वैशाखात उन्हाळी मशागतीबरोबर निदान आपल्या शेतातील मोडलेले धुरे नीट करणे, उतारास आडवी नांगरट करणे आणि विहिरीजवळ गाळणीचा खड्डा काढणे एवढे तरी प्रत्येकास करता येईल. बाकीचे काम पाच-दहा जणांनी मिळून, एका ओहोळापासून, माथ्याकडून आरंभावे. एका ओहोळाच्या विहिरींची पातळी पुढल्या मे महिन्यात दोन हातांनी वर दिसली, तर दुसऱ्या ओहोळाच्या शेतकऱ्यांस व्याख्यान देण्याची गरज उरणार नाही.